शिफ्टची नोकरी, दोन मुले आणि ‘अलंकार’ची तयारी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ ३८ वर्षांचे असून सांगलीत राहतात आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात तीन पाळ्यांमध्ये काम करतात. त्यांच्या पत्नी मिरजेतील एका रुग्णालयात परिचारिका आहेत आणि त्यांनाही रात्रपाळी असते. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा, आणि घरात वृद्ध वडील. लग्नापूर्वी त्यांनी शास्त्रीय गायनाची विशारद ही परीक्षा पूर्ण केली होती. आता त्यांना तिच्यापुढच्या अलंकार या परीक्षेला बसायचे आहे आणि मैफलीही करायच्या आहेत. गुरुजींच्या मते रोज दोन तास रियाज हवाच, आणि पत्नीने अलीकडे ‘गाणे हवे की घर, ते एकदा ठरवा’ असे विचारले आहे. हे दोन्ही कसे सांभाळावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी मिरजेत अनेक वर्षे कंठसंगीत शिकवते. माझ्याकडे येणारे बहुतेक विद्यार्थी नोकरदार, शिक्षक, दुकानदार आणि गृहिणी असतात. आपल्यासारखा प्रश्न त्यांच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी पडतो, आणि तो ऐकताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवत आली आहे. घरातील माणसांना गाण्याचा त्रास क्वचितच होतो. त्यांना जाच होतो तो अनिश्चिततेचा. रियाज किती वेळ चालेल, गुरुजींकडून परत किती वाजता येणार, कार्यक्रम ठरला तर तो कोणत्या दिवशी आणि त्यासाठी किती खर्च, हे कोणालाच माहीत नसते, आणि त्या माहीत नसण्याचा सगळा भार घरी थांबलेल्या माणसावर पडतो. आपल्या पत्नींच्या प्रश्नाचा अर्थ ‘गाणे सोडा’ असा आपण घेऊ नये असे मला वाटते. रुग्णालयात ज्यांची कोणत्या वेळी कोठे हजर राहायचे याची यादी आधीच लागलेली असते, त्यांना घरी आल्यावर तेवढीच स्पष्टता मिळत नसेल, तर त्या चिडणारच.

आधी आपल्या इच्छेचे दोन भाग वेगळे करावेत. अलंकार ही परीक्षा आहे. तिला अभ्यासक्रम आहे, रागांची यादी आहे, लेखी पेपर आहेत, मंचप्रदर्शन आहे आणि शेवटही आहे. मैफलींचे क्षेत्र याच्या उलट आहे. त्याला ठरलेला आरंभ नाही, शेवट नाही आणि ‘पुरे झाले’ असे तेथे कोणी सांगत नाही. ज्या गोष्टीला शेवट आहे ती दोन-तीन वर्षे सोसायला कुटुंब सहसा तयार होते, कारण त्यानंतरचे दिवस त्यांना दिसत असतात. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा, की अलंकार पूर्ण होईपर्यंत मैफली हे ध्येय ठेवू नये. कार्यक्रम बंद करा असे मी म्हणत नाही. वर्षातून मोजके कार्यक्रम, तेही आधी ठरवून, इतकेच ठेवावे. दोन्हींच्या मागे एकाच वेळी लागलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांची परीक्षा लांबत गेली आणि कार्यक्रमांत तेच चार राग फिरत राहिले.

आता गुरुजींच्या दोन तासांविषयी. गुरूंचे म्हणणे खोडून काढण्याचा माझा अधिकार नाही, परंतु रियाजाच्या ज्या कथा आपण ऐकत आलो त्या कोणत्या घरांतल्या आहेत, हे एकदा पाहावे. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले तेव्हा संस्थानाचा आश्रय होता आणि शिष्याने दिवसभर गुरुगृही राहण्याची रीत होती. आठ-दहा तासांच्या रियाजाला तसे दिवस लागतात. त्याच विष्णु दिगंबरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि ठरावीक वर्ग, ठरावीक अभ्यासक्रम, पुस्तके आणि परीक्षा यांच्या आधारे गाणे शिकवायला सुरुवात केली. १९३१ मध्ये मिरजेतच त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारले. आपण ज्या अलंकारचा विचार करीत आहात ती परीक्षा याच मंडळाची. माझ्या मते या रचनेचा सर्वांत मोठा लाभ संसारी माणसालाच झाला, कारण तिच्यामुळे गुरुगृही राहता न येणाऱ्याच्या आवाक्यात शास्त्रोक्त शिक्षण आले. तेव्हा आपण जो मार्ग धरला आहे तो कमी प्रतीचा आहे, असे मनात आणण्याचे कारण नाही.

मोठ्या कलावंतांची उदाहरणे घेताना मात्र थोडी सावधगिरी हवी. मोगूबाई कुर्डीकरांना अल्लादिया खाँसाहेबांची तालीम प्रथम मिळाली ती सांगलीतच. पुढे १९३९ मध्ये पतीचे निधन झाल्यावर त्यांनी गाण्याच्या बळावर तीन मुले वाढवली. मात्र त्यांचे गाणे हेच घराचे उत्पन्न होते, त्यामुळे गाण्याला दिलेला तास घरालाच दिलेला असे. आपले तसे नाही. आपले घर आपल्या दोघांच्या पगारावर चालते आणि गाणे त्या पगारातून व त्या वेळेतून काही घेते, हे मान्य करूनच बोलणे सुरू करावे. गंगूबाई हनगल यांचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे वाटेल. मुलाबाळांचा संसार असताना त्या आपले गुरू सवाई गंधर्व यांच्याकडे तालमीसाठी हुबळीहून कुंदगोळला रेल्वेने जात असत आणि तालीम झाली की रेल्वेनेच परतत. त्या तालमीला गाडीच्या वेळेची चौकट होती. जाणे ठरलेले, येणे ठरलेले, आणि मधल्या वेळात जे मिळेल ते घट्ट धरायचे.

उलट बाजूही सांगते, कारण आमच्या गावात ती फारशी बोलली जात नाही. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या पुण्यतिथीनिमित्त मिरजेतील मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दर वर्षी संगीतसभा होते. त्यांच्या आवाजाच्या, तंबोऱ्याच्या, त्यांच्या स्वभावाच्या कितीतरी आठवणी मिरजेत ऐकायला मिळतात. मात्र १९२२ च्या सुमारास त्यांच्या पत्नी ताराबाई मुलांना घेऊन त्यांच्यापासून वेगळ्या झाल्या. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे ही त्यांचीच मुले. इतक्या वर्षांनंतर त्या घरातल्या गोष्टींचा निवाडा आपण करू नये आणि तो आपल्याला करताही येणार नाही. एवढे मात्र खरे, की असामान्य गाणे घरात असले म्हणजे घर आपोआप टिकते असे नाही.

आता आपल्या पाळ्यांकडे वळते, कारण खरी अडचण तेथेच आहे. ‘रोज पहाटे पाच वाजता रियाज’ हा सल्ला आपल्याला निरुपयोगी आहे. पाळी फिरती असेल तर रियाजाचे वेळापत्रकही तीन प्रकारचे करावे, कागदावर लिहावे आणि स्वयंपाकघरात लावावे. पहिल्या पाळीच्या आठवड्यात दुपारी घरी आल्यावर जेवण आणि थोडी विश्रांती झाली, की मुलीचा अभ्यास सुरू होण्यापूर्वीचा पाऊण तास घ्यावा. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मुले शाळेत आणि बालवाडीत गेल्यानंतरचा वेळ उत्तम. मोठा रियाज, म्हणजे दीड तासाचा, याच आठवड्यात होऊ शकेल. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी घरी आल्या आल्या गाऊ नये. झोप न झालेला गळा ताणला तर सूर लागत नाहीत, सूर लागत नाहीत म्हणून माणूस आणखी जोर लावतो, आणि त्यातून दुखापत होते. झोप पूर्ण करावी, दुपारनंतर तीस मिनिटे फक्त खर्ज (खालच्या सप्तकातले स्वर) आणि संथ पलटे (स्वरांच्या ठरावीक चढत्या-उतरत्या रचना) करावेत, त्या आठवड्यात याहून अधिक अपेक्षा ठेवू नये. आपल्या पत्नींच्या रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी त्या झोपलेल्या असताना घरात रियाज करायचा नाही, हा नियम तर न विचारताच करावा. त्या दिवशी कानात तंबोरा लावून मिटल्या तोंडाने गुणगुणणे, बंदिशीचे शब्द पाठ करणे आणि लेखी पेपरचा अभ्यास एवढेच करावे.

पाऊण तासात काय होते, असे आपण विचाराल. नेमके काय करायचे ते ठरलेले असेल तर पुष्कळ होते. पहिली दहा मिनिटे मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकात, एकेका स्वरावर श्वास पूर्ण होईपर्यंत थांबून. त्यानंतर दहा मिनिटे आकारात, म्हणजे ‘आ’ लावून, पलटे, लय न वाढवता. उरलेली पंचवीस मिनिटे एकाच रागाचा बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतली मोठी बंदिश आणि तिचा विस्तार. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालाचे बारा मात्रांचे एक आवर्तन (तालाची एक फेरी) मिनिटभराच्या आसपास जाते. म्हणजे पंचवीस मिनिटांत वीसहून अधिक आवर्तने भरता येतात, आणि प्रत्येक आवर्तनात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याचा विचार वेगळा करायचा म्हटले तर हे काम थोडे नाही. एक राग तीन महिने सोडू नये. नोकरी करणाऱ्यांचा रियाज वाया जातो तो वेळ कमी असल्यामुळे जितका, त्याहून अधिक दर दिवशी नवा राग उघडून बसल्यामुळे. ताना आणि द्रुत बंदिशी सुट्टीच्या दिवसासाठी ठेवाव्यात. तबल्याची साथ आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष मिळाली तरी चालेल. एरवी मोबाइलमधला ठेका पुरतो, मात्र त्याच्याबरोबर कायम गाण्याने ठेक्याशी खेळायची सवय मोडते, हे लक्षात असू द्यावे.

रागसमयाचा, म्हणजे कोणता राग कोणत्या वेळी गायचा याचा, प्रश्न आपल्या मनात येईलच. यमन हा रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग, तो दुपारी चार वाजता कसा घ्यावा? अभ्यासाला वेळेचे बंधन पाळलेच पाहिजे असे मी मानत नाही. मैफलीत ते पाळावे. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्याने प्रहर सांभाळत रियाज करायचे ठरवले तर त्याच्या वाट्याला दुपारच्या आठवड्यात भीमपलास आणि मुलतानी या दुपारच्या रागांपलीकडे फार काही येणार नाही.

गळ्याविषयी एक गोष्ट, जी घराशीही जोडलेली आहे. कारखान्यात यंत्रांच्या आवाजावरून ओरडून बोलावे लागत असेल, तर दिवसभराचे ते ओरडणे संध्याकाळच्या रियाजाला खाऊन टाकते. शक्य तेथे खुणांनी बोलावे, जवळ जाऊन बोलावे, कानांना संरक्षण वापरावे. दुसऱ्या पाळीनंतर मध्यरात्री पोटभर जेवून लगेच झोपल्याने पित्त घशापर्यंत येते आणि सकाळी आवाज जड होतो. पाळीवर जातानाच डबा नेऊन रात्री आठच्या सुमारास जेवावे आणि घरी आल्यावर हलके काही घ्यावे. यामुळे आवाज सुधारेल, आणि मध्यरात्री आपल्याला वाढण्यासाठी कोणाला जागे राहावे लागणार नाही. आवाज दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला तर ज्येष्ठमध चघळत न बसता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. मिरजेसारख्या डॉक्टरांच्या गावाशेजारी राहून याला उशीर करणे शोभत नाही.

कार्यक्रमांबद्दल मला अधिक कडक बोलावे लागेल. रियाज घराला स्वस्त पडतो, कार्यक्रम महाग पडतो. पाऊण तासाच्या गाण्यासाठी तालमी, साथीदारांच्या वेळा जुळवणे, प्रवास, मांडणी आणि नंतरच्या गप्पा धरून दोन-तीन दिवस विस्कटतात. शिवाय आपल्याकडे कार्यक्रम असतात ते नेमके गणपतीत, नवरात्रात, कोजागिरीला, दिवाळीच्या पहाटेला आणि पाडव्याला. म्हणजे ज्या दिवशी मुलांना वडील घरी हवे असतात त्याच दिवशी. परिचारिकेला सणाची सुट्टी मिळणे किती अवघड असते हे आपण जाणताच. त्यांना मोठ्या मिनतवारीने पाडव्याची रजा मिळावी आणि आपण पहाटे तीन वाजता तंबोरे गाडीत घालून निघावे, हे एखाद्या वर्षी चालेल. दर वर्षी चालणार नाही. दिवाळी पहाट एक वर्ष स्वीकारावी, दुसऱ्या वर्षी नाकारावी, आणि हे आयोजकांचा फोन येण्याआधीच घरात ठरलेले असावे. फोनवर लगेच होकार देऊ नये. ‘उद्या सांगतो’ म्हटल्याने कोणी चांगला आयोजक दुखावत नाही. एक बदल मात्र संसारी गायकांच्या पथ्यावर पडला आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यावर निर्बंध आले, रात्रभर चालणाऱ्या मैफली दुर्मीळ झाल्या आणि रसिकांनी त्याबद्दल हळहळ व्यक्त केली. ती हळहळ मलाही आहे. तरी कलाकार अकरा-साडेअकराला घरी पोहोचू लागले, हेही खरे.

पैशाचा हिशेब वेगळा ठेवावा. गुरुजींची फी, परीक्षेचे शुल्क, तबला आणि हार्मोनियम साथीदारांचे मानधन, प्रवास, यांची महिन्याची एक मर्यादा पत्नीशी बोलून ठरवावी आणि कार्यक्रमांतून जे मिळेल ते याच खात्यात टाकावे. साथीदारांचे मानधन आणि प्रवासखर्च कोण देणार हे होकार देण्यापूर्वी विचारावे. शाल-श्रीफळावर गाणाऱ्याचे साथीदार शाल-श्रीफळावर येत नाहीत. संधी देतो म्हणून गायकाकडूनच पैसे किंवा तिकीटविक्री मागणाऱ्यांना सरळ नकार द्यावा. नोकरी सोडण्याचा विचार आपण लिहिलेला नाही, पण तो मनात असेल तर मुलगा शाळेत स्थिरावेपर्यंत तरी तो दूर ठेवावा.

आता एक गोष्ट, जी पुरुष विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगते आणि त्यांना ती फारशी आवडत नाही. मंचावरून पत्नीचे आभार मानणारे गायक मी पुष्कळ ऐकले आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांचे डबे कोणी भरले, हे त्यांना कोणी विचारत नाही. माझ्या स्त्री विद्यार्थिनी रियाजाला बसण्यापूर्वी सगळे आवरून बसतात आणि तरीही दाराकडे कान असतो. पुरुष विद्यार्थ्यांपैकी बऱ्याच जणांचे आवरलेले असते, ते कोणी आवरले हे त्यांच्या ध्यानात नसते. आपण आठवड्याला गाण्यासाठी जितके तास घेता तितके तास पत्नींना पूर्णपणे त्यांचे असे मिळाले पाहिजेत. त्या वेळात मुले, वडिलांची औषधे आणि स्वयंपाक आपल्याकडे असावा. त्या वेळात त्यांनी काय करावे, झोपावे की मैत्रिणीकडे जावे, हे आपण सुचवूही नये. वडिलांनाही गृहीत धरू नये. चार वर्षांच्या मुलामागे धावणे हे त्या वयात कष्टाचे काम आहे आणि ‘आजोबा आहेत ना’ या वाक्यावर कित्येक रियाज उभे असतात.

मुलांना गाण्यात ओढण्याची घाई करू नये. मुलीने शिकावे अशी इच्छा असेल तर तिने विचारेपर्यंत थांबावे. मुलगा रियाजात मांडीवर येऊन बसला तर बसू द्यावे. खर्ज लावताना त्याने अडथळा येत नाही. फक्त घरात खरा तंबोरा असेल तर तो त्याच्या हाताला लागणार नाही अशा कोपऱ्यात, गवसणी घालून ठेवावा. भोपळा एका धक्क्याने तडकतो आणि मिरजेत सतारमेकर मंडळी हाकेच्या अंतरावर असली तरी दुरुस्तीला दिवस आणि पैसे दोन्ही लागतात. आपल्या परिस्थितीत इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर दोन वर्षे काढायला माझी हरकत नाही. खऱ्या जवारीचा, म्हणजे तंबोऱ्याच्या तारांतून निघणाऱ्या गुंजनाचा, कान मात्र गुरुजींकडे बसून टिकवावा.

अलंकारच्या सत्राचा विचारही घराच्या सोयीने करावा. परीक्षा साधारणपणे एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात. पहिल्या सत्राच्या तयारीचा कळस मुलीच्या वार्षिक परीक्षेच्या आसपास येतो, दुसऱ्याचा गणपतीपासून दिवाळीपर्यंतच्या काळात. आपल्या घरात यांपैकी कोणता काळ अधिक जड जातो हे आपल्या पत्नी अधिक नेमके सांगू शकतील, म्हणून सत्राची निवड त्यांच्यावर सोपवावी. दोन वर्षांचा अभ्यासक्रम तीन वर्षांत केला तरी प्रमाणपत्रावर काही फरक पडत नाही.

गुरुजींशी बोलायचे राहिले. त्यांना ‘दोन तास जमत नाही’ एवढेच सांगू नये, कारण ते वाक्य त्यांनी असंख्य विद्यार्थ्यांकडून ऐकलेले असते. पाळ्यांचे तिन्ही तक्ते त्यांच्यापुढे ठेवावेत, कोणत्या आठवड्यात किती रियाज होईल ते सांगावे आणि त्यात पहिले तीन महिने कोणता राग घ्यायचा हे त्यांनाच विचारावे. शिकवणीचा दिवस पाळीप्रमाणे बदलण्याची विनंती करावी आणि तेथून निघण्याची वेळही ठरवून घ्यावी. गुरूंकडून उठून येणे शिष्याला अवघड जाते, पण वेळ आधीच सांगितलेली असेल तर गुरूच आठवण करून देतात. हे तक्ते गुरुजींकडे नेण्यापूर्वी घरी दाखवावेत, पत्नी जेथे खोडतील तेथे खोडू द्यावे, आणि परीक्षेचा अर्ज पहिले तीन महिने तक्त्याप्रमाणे गेले तरच भरावा.